फायबर वाढवा, पण कुठलं?

पोटाची तक्रार इंदुरात कुणाजवळही काढा, समोरचा आधी हसतो आणि मग सल्ला देतो. हसतो, कारण या गावात खाण्यापायी कुणाचं पोट बिघडलं तर ती गंमतच समजली जाते. "सराफ्यात जरा कमी जात जा" हे वाक्य ठरलेलं; सराफा म्हणजे इथली रात्रीची खाऊगल्ली. मी राजेंद्रनगरात राहते, उच्च माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि सराफ्यात जाते ती घरी पाहुणे आले तरच. पण हे कुणाला सांगत बसा. आणि सल्ला म्हणाल तर तोही एकच असतो: फायबर वाढवा.

माझा त्रास असा होता. सकाळी उठल्यावर ओटीपोटात पीळ पडल्यासारखं दुखायचं, शौचाला जाऊन आलं की जरा हलकं वाटायचं, पण पूर्ण मोकळं कधीच नाही. कधी सलग काही दिवस सगळं ठप्प, खडे पडल्यासारखं. मग एखाद्या सकाळी एकदम उलट, आणि नेमका त्याच दिवशी शाळेत पहिला तास माझा. दुपारच्या डब्यानंतर पोट असं फुगायचं की नेसलेली साडी कमरेला काचायची. वजन कमी झालं नाही, ताप नाही, रक्त नाही. त्यामुळे घरात हा आजार न म्हणता स्वभाव म्हटला जायचा. "तिचं पोट असंच आहे."

मग एका आरोग्य शिबिरात कुणीतरी सांगितलं की पिठात चोकर मिसळा. आमच्याकडे कोंडा म्हणतात, इंदुरात सगळे चोकर म्हणतात. चाळणी कपाटात गेली. चक्कीवाल्याकडून शरबतीच्या पिठात वरून आणखी कोंडा घालून आणायला लागले. सकाळी मोड आलेली मटकी कच्ची, दुपारी काकडी-मुळा-गाजराची ताटभर कोशिंबीर, शिवाय कोणीतरी दिलेला मल्टिग्रेन आटा, ज्यात सोयाबीन आणि हरभराही होता. पोळ्या जाड आणि खरखरीत व्हायच्या, मुलगा त्यांना 'पुठ्ठा' म्हणायचा. एवढं करून माझं पोट मोकळं झालं तर नाहीच, उलट संध्याकाळपर्यंत ढोलासारखं व्हायचं. सल्ला देणाऱ्यांना हे सांगितलं की ते म्हणायचे, सवय होईपर्यंत असं होतंच, अजून थोडं वाढवून बघा. या सल्ल्याची हीच तर गोम आहे. उपयोग झाला तर फायबरमुळे, आणि नाही झाला तर तुम्ही कमी खाल्लं म्हणून.

शेवटी पोटविकारतज्ज्ञांकडे गेले ते सासूबाईंच्या आग्रहामुळे. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी तुझं तोंड बघवत नाही गं." डॉक्टरांनी तपासण्यांच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. दुखणं आठवड्यातून किती वेळा, कधीपासून, शौचाशी त्याचा संबंध आहे का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, न ठरवता वजन उतरलंय का, शौचातून रक्त पडतं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का. यातल्या शेवटच्या चारांपैकी एकालाही 'हो' असतं, किंवा रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन कमी निघालं असतं, तर गाडी वेगळ्या रस्त्याने गेली असती, कोलोनोस्कोपीकडे, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघण्याकडे. पन्नाशीच्या आसपास ज्यांना हे नव्याने सुरू होतं त्यांनाही नुसतं आयबीएस, म्हणजे आतडं हुळहुळं झालंय, म्हणून सोडत नाहीत. त्यांनी माझ्यासमोर एक चित्रांचा तक्ताही ठेवला: ब्रिस्टल स्टूल स्केल, १ पासून ७ पर्यंत, लेंड्यांपासून पाण्यापर्यंत. मी वर्गात मुलांना आतड्याच्या आकृत्या काढायला लावते, पण त्या तक्त्यावर बोट ठेवताना माझे कान तापले. माझं बोट कधी १-२ वर होतं, कधी ६ वर.

रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, शरीरात सूज आहे का ते दाखवणारं सीआरपी, आणि सीलिअॅकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं त्या आजारासाठी, टीटीजी पाहिलं. शौचाच्या नमुन्यात कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याला सूज असेल तर वाढणारं प्रथिन. टीटीजीबद्दल त्यांनी बजावून सांगितलेली गोष्ट इथे मुद्दाम लिहिते, कारण हल्ली जो तो 'गहू सोडून बघ' म्हणतो. उत्तर आणि मध्य भारतात सीलिअॅक दुर्मीळ नाही. गहू आधी सोडला आणि तपासणी नंतर केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आधी तपासणी, मग गव्हाचं काय ते.

सगळं नॉर्मल आलं. निदान आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, मिश्र प्रकारचा, कधी बद्ध कधी सैल. त्यासाठी २०१६ सालचे 'रोम ४' निकष वापरतात: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोटदुखी, आणि तिच्याबरोबर शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत बदल, स्वरूपात बदल या तिघांतले किमान दोन, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. माझ्या बाबतीत तिन्ही होते. डॉक्टरांनी पेटक्यांसाठी एक गोळी दिली, ती दुखेल तेव्हाच घ्यायची. आणि मग माझ्या खाण्याचा कागद वाचून म्हणाले, "मॅडम, चोकर तो आज से बंद।"

मला क्षणभर वाटलं, ऐकण्यात काहीतरी गडबड झाली.

कोंडा इतका कशाने लागतो ते मी नंतर शोधून वाचलं. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं होतं की त्यांच्याकडच्या आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांचा त्रास कोंड्याने वाढला होता आणि फायदा फक्त १० टक्क्यांना झाला होता. म्हणजे मी बारावीत असताना हे छापून आलेलं होतं आणि आमच्या चक्कीपर्यंत पोचायला तीस वर्षं कमी पडली. दुसरा एक अभ्यास तर माझ्यातल्या शिक्षिकेला फारच आवडला. १९८८ साली इंग्लंडमध्ये दोघा संशोधकांनी निरोगी माणसांना प्लॅस्टिकचे कोंड्याएवढे बारीक तुकडे गिळायला दिले, आणि पोट जवळजवळ कोंड्यासारखंच चाललं. म्हणजे भरड कोंडा मोठ्या आतड्याच्या अस्तराला घासतो, अस्तर पाणी आणि चिकट स्राव सोडतं, म्हणून शौच सुटतं. यात पोषणाचा काही संबंधच नाही, नुसती टोचणी आहे. ज्याचं अस्तर आधीच हुळहुळं, त्याला हीच टोचणी दुखणार.

हुळहुळेपणाचंही थोडं सांगते, कारण 'तुझ्या पोटात गॅस फार होतो' हे मी जन्मभर ऐकत आले. नॉटिंगहॅमला २०१७ साली आयबीएस असलेल्या आणि नसलेल्या लोकांना सारखीच साखर, सारखंच इन्युलिन (आतड्यात आंबणारं एक फायबर) देऊन एमआरआयवर पोट पाहिलं. गॅस दोघांच्याही पोटात साधारण सारखाच झाला. दुखलं ते आयबीएसवाल्यांना. फरक गॅसमध्ये नव्हता, तो जाणवण्यात होता. हे वाचून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. सासूबाईंना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे खरंच दुखतं तुला." मी म्हटलं, "आई, एवढी वर्षं काय वाटलं तुम्हाला?"

डॉक्टरांनी मला त्यांच्याकडच्या आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. मुलगी म्हणते खरी, पण ती लग्न झालेली, लोकमान्यनगरातली, अस्सल मराठी. मला पहिल्याच भेटीत 'काकू' म्हणून मोकळी झाली. तिने आठवडाभर सगळं लिहून आणायला सांगितलं: खाल्लं काय, किती, आणि त्यानंतर काय झालं. कागद घेऊन गेले तेव्हा तिने माझ्यासमोरच हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते तिच्याकडे होते. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात फायबर ११ ग्रॅमच्या वर, मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीनच्याही खाली. दिवसाला पाच पोळ्या, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ, म्हणजे नुसत्या पोळ्यांतूनच सतरा ग्रॅम. त्यावर वरण, भाजी, मटकी, कोशिंबीर आणि वरून घातलेला कोंडा, ज्यात शंभर ग्रॅमला चाळीस ग्रॅमच्या वर फायबर असतं. दोन हजार कॅलरींच्या आहाराला आपल्याकडे साधारण तीस ग्रॅम पुरे मानतात, जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी किमान पंचवीस म्हणते. मी चाळिशी ओलांडून बसले होते, वयाची आणि फायबरचीही.

"काकू, तुम्हाला कमी पडतच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला वेगळं हवंय."

गव्हाच्या पिठातल्या त्या अकरा ग्रॅमपैकी पाण्यात विरघळणारं दोनसुद्धा नसतं, बाकी सगळं न विरघळणारं. आयबीएसला उपयोगी पडतं ते विरघळणारं, आणि त्यातही पाणी धरून जेली होणारं पण जंतूंनी फारसं न कुजणारं. असं आपल्या घरात एकच असतं: इसबगोलाची भुशी. जेली मोठ्या आतड्यातही पाणी सोडत नाही, त्यामुळे खडा मऊ होतो. आणि पाण्यासारखं होत असेल तर हीच जेली ते पाणी धरते. बद्धकोष्ठाला आणि जुलाबाला एकच औषध हे ऐकायला जडीबुटीवाल्याच्या जाहिरातीसारखं वाटतं. पण हॉलंडमध्ये २७५ रुग्णांवर बारा आठवडे प्रयोग झालेला आहे, २००९ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींना रोज दहा ग्रॅम भुशी, काहींना दहा ग्रॅम कोंडा, काहींना नुसती तांदळाची पिठी. पहिल्या महिन्यात भुशीवाल्यांपैकी ५७ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, पिठीवाल्यांपैकी ३५ टक्क्यांना. मध्येच सोडून जाणारे सगळ्यात जास्त कोंड्याच्या गटात, त्रास वाढला म्हणून. तांदळाची पिठी खाऊनही पस्तीस टक्क्यांना बरं वाटलं, याच्याकडे मी कानाडोळा करत नाही. आयबीएसमध्ये कुणाला कशाने गुण येतो याची फुशारकी मारायची नसते.

इसबगोल आमच्या घरात होतंच. सासूबाई वर्षानुवर्षं रात्री निजताना गरम दुधात घेतात. माळव्यात ते परकं नाहीच. नीमच-मंदसौरकडे शेतं आहेत, नीमचच्या मंडीत ढीग लागतात. काढणीच्या वेळी पाऊस आला तर उभं पीक वाया जातं, कारण बी जागच्या जागी पाणी पिऊन फुगतं. जो गुण पोटात हवा, तोच शेतात घात करतो. नवरा कामाने तिकडे जातो, तो येताना भुशीची पिशवी घेऊन आला आणि सवयीने मंदसौरच्या लसणाची एक मोठी जुडीही. तो लसूण नंतर माझ्या वाट्याला येणार नव्हता, पण ते पुढे.

किती घ्यायची यावर आहारतज्ज्ञ फार काटेकोर. ब्रिटिश तज्ज्ञांची शिफारस दिवसाला तीन-चार ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवण्याची आहे, आणि ती म्हणाली, चमच्यावर जाऊ नका, भुशी हलकी असते. मी घरचा चहाचा चमचा आणि पुडी घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत गेले आणि आमच्या डिजिटल तराजूवर ठेवून पाहिलं. सपाट चमचा जेमतेम दोन ग्रॅम, शीग भरला तर तीनच्या पुढे. लॅब असिस्टंटने विचारलं, "मॅडम, कौन सा प्रैक्टिकल है?" मी म्हटलं, पचनसंस्था.

घ्यायची पद्धत म्हणजे मोठा पेलाभर पाणी, त्यात भुशी टाकायची, दोनदा ढवळायचं आणि लगेच प्यायचं. पाच मिनिटं फोनवर बोलत राहिलं तर चमचा उभा राहील असा लगदा होतो आणि तो मग घशाखाली उतरत नाही. वरून आणखी अर्धा पेला पाणी. पाणी कमी पडलं तर हीच भुशी घशात किंवा आतड्यात अडकू शकते. ज्यांना गिळायला त्रास आहे किंवा आतडं अरुंद झालेलं आहे त्यांनी घ्यायचीच नाही. पडल्यापडल्या तर अजिबात नाही. यावरून सासूबाईंची निजतानाची वेळ बदलून जेवणाआधीवर आणली, आणि त्यांनी ते निमूट ऐकलं याचंच मला नवल वाटलं. माझी थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते. भुशी औषधालाही धरून ठेवते, म्हणून दोन्हींत किमान दोन तास हवेत. मी भुशी संध्याकाळी शाळेतून आल्यावरच ठेवली.

सुरुवातीला गुडगुड झाली, पोट थोडं तटतटलं. मला आधी सांगून ठेवलं नसतं तर मी तिथेच सोडलं असतं. मग मात्र तक्त्यावरचं माझं बोट ३-४ कडे सरकायला लागलं. सकाळचं दुखणं कमी झालं, सकाळची घाई गेली. दुपारचं फुगणं मात्र बरंचसं तसंच राहिलं, आणि तिथून दुसरा अध्याय सुरू झाला.

फॉडमॅप हा शब्द आता इंदुरातही ऐकू येतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास ही कल्पना मांडली. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात भराभर आंबणाऱ्या काही साखरा असतात. त्या पाणी ओढतात, गॅस करतात. गहू, कांदा आणि लसणात फ्रुक्टान, राजमा-छोले-हरभऱ्यात गॅलॅक्टो-साखरा, दुधात लॅक्टोज, आंबा-सफरचंदात जादा फ्रुक्टोज. चार ते सहा आठवडे हे सगळं कमी करायचं, आणि मग एकेक परत आणून बघायचं. कायमचं सोडायचं नाही हे तिने तीनदा सांगितलं. दीर्घकाळ पाळलं तर आतड्यातले चांगले जंतूच उपाशी मरतात.

कांदा-लसूण सोडायचा हे ऐकून मला घरचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. आमच्याकडे कांद्याशिवाय फोडणी नाही. पण सासूबाईंनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, आता कांदेनवमी. त्यानंतर चातुर्मासच. मी धरणारच आहे, तूही धर." ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाचा आहार आणि आमच्या सासूबाईंचा नेम एकाच तिथीला सुरू झाला. आषाढातल्या त्या नवमीला घरादाराने कांद्याची भजी आणि थालीपीठं खाल्ली, मीही खाल्ली, रात्रभर त्याची शिक्षा भोगली, आणि एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. वांग्याचं माझ्या आजाराशी वैर नाही, पण नेम तो नेम. नवरा आणि मुलगा जेवणातच मौन पाळायला लागले, आणि मंदसौरचा लसूण खिडकीत टांगून राहिला.

फोडणीत हिंग, जिरं, आलं, कढीपत्ता. डबीतल्या हिंगात थोडा मैदा मिसळलेला असतो, पण चिमटीत तो कितीसा येणार. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि भात. ज्वारीतही शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम फायबर आहे, म्हणजे गहू गेला तरी हिशेब कोसळला नाही; ही काळजी तिने आधीच घेतली होती, कारण या आहारात फायबर घसरून बद्धकोष्ठ उलटतं. भेंडी, दुधी, फरसबी, गाजर शिजवून, पिकलेला पेरू, संत्रं, पपई. मुगाची डाळ. इंदूरचे पोहे मला चालले, ही सगळ्यात मोठी सुटका. वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वर जिरावण मसाला आणि चिमूटभर शेव. फक्त वरचा कच्चा कांदा नको म्हणायचं. ठेल्यावरचा माणूस पहिल्यांदा हात थांबवून माझ्याकडे बघत राहिला, आता ओळखतो. उसळपोहे मात्र बंद. दुपारचं फुगणं श्रावण लागेपर्यंत निम्म्याच्या वर उतरलं.

परत आणण्याची वेळ आली ती भर श्रावणात, आणि तिथे तंटा उभा राहिला. एका गटाचा एक पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, मग काही दिवस विश्रांती, अशी रीत. दूध, गहू, राजमा ठीक. पण कांद्याची परीक्षा घ्यायची तर कांदा शिजवायला हवा, आणि सासूबाईंच्या चातुर्मासात ओट्यावर कांदा येणार नाही. दोन दिवस बोलाचाली. शेवटी त्यांनीच तोड काढली: "औषध म्हणून खा, पण माझ्या पातेल्यात नको." गॅलरीत जुनी शेगडी मांडली, एक छोटी कढई वेगळी काढली, आणि मी तिथे उभ्याने पाव कांदा परतून भाताबरोबर खाल्ला. शेजारच्या गॅलरीतून काकूंनी विचारलं, "काय गं, सासूबाईंशी वेगळी राहिलीस की काय?"

निकाल असे लागले. दूध चहात चालतं, पेलाभर नाही, ताक चालतं. पोळ्या एका वेळी दोन चालतात, चार नाही, आणि कोंडा चाळून काढलेल्या पिठाच्या जास्त बऱ्या. चाळणी कपाटातून परत आली. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात मऊ शिजवला तर लहान वाटीभर. त्या साखरा पाण्यात उतरतात. लसूण थोडा चालतो, हे माझं नशीब. शिवाय तेलात अख्ख्या पाकळ्या तळून काढून टाकल्या तर वास तेलात राहतो आणि फ्रुक्टान पाकळीतच, कारण ते तेलात विरघळत नाही. कांदा मात्र पाव चालतो आणि अर्ध्याला संध्याकाळपर्यंत शिक्षा, शिजवलेला असो की कच्चा. कांद्याची हिरवी पात चालते, ती आता आमच्या कुंडीत आहे.

मग भाद्रपदात महालक्ष्म्या. पुरणपोळी म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गहू, माझ्या यादीतले दोन्ही आरोपी एका पोळीत. आहारतज्ज्ञाला फोन केला तर तिने उलट विचारलं, "काकू, कट काढता ना?" डाळ शिजवून पाणी काढतो, म्हणजे त्या साखरांचा बराच भाग कटाबरोबर निघून जातो. पुरणात कमी, कटाच्या आमटीत जास्त. म्हणजे मला पुरणपोळी चालेल, आमटी नको! आजवर मी पोळी भीत भीत अर्धी खायची आणि आमटी भुरके मारून. त्या दिवशी तुपाबरोबर एक पूर्ण पोळी खाल्ली, आमटी मुलाच्या वाटीत ओतली. संध्याकाळी भुशी नेहमीसारखी. काही झालं नाही. जाऊबाई म्हणाली, "आमटी का नको? माझी बिघडलीय का?" तिला फ्रुक्टान आणि गॅलॅक्टो समजावण्यापेक्षा मी 'पोट भरलं' म्हणून वेळ मारून नेली.

आजार गेलेला नाही. बोर्डाच्या परीक्षांच्या पेपर तपासणीत दुखणं परत डोकं वर काढतं, तेव्हा पथ्य कितीही पाळा. आतडं आणि मेंदू एकमेकांशी बोलतात म्हणे, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोघांनाही दिसतात. तेवढ्या दिवसांत मी फक्त कांदा पूर्ण बंद करते आणि पेटक्यांची गोळी पर्समध्ये ठेवते; बाकी काही कमी करत नाही. भुशी आता रोज सात ग्रॅमच्या आसपास आहे, त्याच्या वर गेलं की माझं पोट जड होतं. दुसऱ्या कुणाला दहा लागतील, कुणाला चार पुरतील.

शाळेतल्या एक मॅडम मध्यंतरी डब्यात चोकराच्या पोळ्या घेऊन आल्या आणि पोट धरून बसल्या. मी त्यांना आधी विचारलं, रक्त पडतं का, वजन उतरलंय का. वजन उतरत होतं. त्यांना भुशी सुचवली नाही, डॉक्टरांचा नंबर दिला.

माझ्या यादीत अजून फुलकोबी, सफरचंद आणि आंबा राहिलेत. आंब्याचा मोसम तेव्हा संपला होता, त्याची परीक्षा आता ज्येष्ठात. गराडू, म्हणजे इथला तळून खायचा कंद, हिवाळ्यात होऊन गेला, पास झाला. तळणीचं तेल जड गेलं, पण तो फायबरचा दोष नव्हे.